पोट डब्ब झालं की ओवा, बडीशेप, गवती चहा... हे काढे नेमकं काय करतात आणि कुठे थांबायचं?

शिरूर तालुक्यातली रांजणगाव एमआयडीसी असो की दौंड तालुक्यातली कुरकुंभ एमआयडीसी, रात्रपाळी सुटली की बाहेरच्या टपऱ्यांवर गर्दी होते. रिकाम्या पोटी कडक चहा, सोबत वडापाव नाहीतर मिसळ, आणि मग घरी जाऊन सरळ झोप. दुपारी उठावं तर पोट डब्ब, ढेकर अडकलेला आणि छातीत जळजळ. घरातलं मोठं माणूस अशा वेळी एकच सांगतं, "चिमूटभर ओवा खा, नाहीतर काढा करून घे."

हाच सल्ला आता मोबाईलवरही मिळतो, फक्त जरा सजवून. आजीचा काढा तिथे 'डिटॉक्स टी' होतो, ओव्याचं पाणी 'गट हीलिंग ड्रिंक' होतं आणि सात दिवसांत पोट साफ होण्याची हमीही मिळते.

यातलं खरं किती? काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्ध्या आहेत. आणि एक-दोन ठिकाणी काढ्यावर विसंबून राहणं जिवावर बेतू शकतं.

याला 'चहा' म्हणायचं का?

चहा म्हणजे चहाच्या झुडपाची पानं. त्या अर्थाने गवती चहा, आल्याचं पाणी किंवा बडीशेपेचा काढा हे चहा नव्हेतच. अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेनेही डिसेंबर २०२५ मध्ये कंपन्यांना हेच बजावलं. जे चहाच्या झाडापासून बनलेलं नाही, त्याच्या पाकिटावर 'टी' लिहू नका, असं तिने सांगितलं. आपल्याकडे यासाठी 'काढा' हा सरळ शब्द आहेच. गवती चहाचं नाव मात्र लोकांच्या तोंडून जाणार नाही, आणि जायचं कारणही नाही.

आधी हे बघू, पोट फुगतं कशाने?

पोटात हवा दोन वाटांनी येते. एक वाट तोंडाची. भराभर जेवताना, गरम चहाचे भुरके मारताना किंवा तंबाखू-गुटखा चघळताना हवा गिळली जाते. दुसरी वाट मोठ्या आतड्यातली. लहान आतड्यात जे पचलं नाही ते पुढे जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. हरभरा, वाटाणा, मटकी, राजमा यांतल्या काही साखरा आपल्याला पचवताच येत नाहीत. कांदा, लसूण आणि गव्हातल्या काही घटकांचंही तेच. निरोगी माणसाचा दिवसातून दहा ते वीस वेळा वायू सरतो, त्यात आजार काही नाही.

याच यादीत दूधही आहे. लहानपणी दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य भरपूर असतं. वय वाढतं तसं ते अनेक भारतीयांमध्ये कमी होतं. अशा माणसाने दिवसातून पाच-सहा वेळा दुधाचा चहा घेतला तर पोट गुरगुरणारच. मग त्याच दुधाच्या चहात आलं-वेलची घालून 'पोटासाठी चांगलं' म्हणून पिणं म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

रात्रपाळीचा भाग वेगळा आहे. पोटाला स्वतःचं घड्याळ असतं. रात्री आतड्यांची हालचाल मंदावते, त्या वेळी पोटभर जेवलं की ते रेंगाळतं. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत अपचन आणि पोटाच्या तक्रारी जास्त दिसतात. हे कोणताही काढा बदलू शकत नाही. जेवणाची वेळ थोडी अलीकडे आणणं आणि मध्यरात्री तळलेलं टाळणं याचा त्यांना जास्त उपयोग होतो.

ओवा

महाराष्ट्रातल्या घरांचा पोटावरचा पहिला उपाय हाच. ओव्याला जो झणका आहे तो त्यातल्या थायमॉल या तेलकट द्रव्याचा. हेच द्रव्य वेगळं काढलं की पांढरे खडे मिळतात, त्यांना जुनी माणसं 'ओव्याचं फूल' म्हणतात. ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर एकत्र ठेवले की तिन्ही विरघळून पाण्यासारखे पातळ होतात. तीच अमृतधारा. एकेकाळी बऱ्याच घरांच्या फडताळात तिची बाटली असायची.

असली सुगंधी तेलं आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल करतात. पेटका कमी होतो, अडकलेला वायू पुढे सरकतो आणि माणसाला हलकं वाटतं. आयुर्वेदात वाताला त्याच्या वाटेने लावणं म्हणतात ते साधारण हेच. पण ओव्यावरचे बरेच प्रयोग प्राण्यांवर किंवा प्रयोगशाळेत झालेले आहेत. माणसांवरचा भक्कम पुरावा कमी आहे. म्हणजे ओवा निरुपयोगी, असा याचा अर्थ नाही. अनुभव मोठा आहे आणि मोजमाप कमी झालं आहे, एवढंच.

इथे दोन सावधगिऱ्या. अमृतधारेसारखी तीव्र द्रव्यं थेंबावर मोजायची असतात आणि त्यातला कापूर लहान मुलांसाठी विषारी ठरू शकतो. त्यामुळे ती मुलांच्या हाताला लागू देऊ नका. दुसरं म्हणजे, कुंडीतलं जाड, लवदार 'ओव्याचं पान' हे मसाल्याच्या ओव्याचं झाड नाही. वास सारखा येतो, झाड वेगळं. त्याची भजी झकास होतात, ती वेगळी गोष्ट.

बडीशेप आणि जिरं

जेवण झालं की बडीशेप, ही सवय आपल्याला हॉटेलवाल्यांनी लावलेली नाही, ती जुनीच आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या पाटस-यवतच्या ढाब्यावरही बिलाबरोबर तीच येते. युरोपीय औषध संस्थेने बडीशेपेच्या काढ्याला पोट फुगणं आणि हलक्या पेटक्यांसाठी 'पारंपरिक वापर' म्हणून मान्यता दिली आहे. हा शब्द नीट वाचायला हवा. दीर्घकाळच्या वापरावरून ते सुरक्षित आणि उपयोगी वाटतं, असा त्याचा अर्थ. चाचण्यांनी सिद्ध झालंय, असा नाही.

त्या संस्थेने सांगितलेलं प्रमाण घरी सहज जमतं. दीड ते अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा ताजी कुटलेली बडीशेप, त्यावर पाव लिटर उकळतं पाणी, १५ मिनिटं झाकण, दिवसातून तीन वेळा. मोठ्या माणसाने सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये आणि चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असंही तिथे म्हटलं आहे. बडीशेपेत एस्ट्रागोल नावाचं द्रव्य थोडं असतं आणि ते मोठ्या मात्रेत प्राण्यांना घातक ठरलेलं आहे, म्हणून ही मर्यादा. जेवणानंतरच्या चिमूटभर बडीशेपेने घाबरायचं कारण नाही.

जिऱ्याचं पाणी याच जातकुळीतलं. त्याने चरबी वितळते वगैरे जे सांगितलं जातं, ते सोडून द्या.

आलं आणि सुंठ

या सगळ्यांत सर्वांत जास्त अभ्यास आल्याचा झालाय. मळमळीवर ते काम करतं, याला बऱ्यापैकी आधार आहे. गाडी लागणाऱ्यांना किंवा गरोदरपणातल्या उलट्यांवर त्याचा उपयोग होतो. पण गरोदर बाईने मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

अपचनाबाबत गंमत आहे. तैवानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये अपचनाचा त्रास असलेल्या ११ जणांना आल्याच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. आल्याने जठर लवकर रिकामं झालं, साधारण १६ ऐवजी १२ मिनिटांत निम्मं अन्न पुढे गेलं. पण रुग्णांना जाणवणारा त्रास काही फारसा कमी झाला नाही. अकरा माणसांचा प्रयोग छोटाच. तरी एक कळतं, पोटात काहीतरी घडणं आणि माणसाला बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर रोज जास्त आलं-सुंठ घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. ज्यांना आधीच जळजळ आहे, त्यांना आलं कधी कधी आणखी टोचतं.

पुदिना: गोंधळ इथेच होतो

पेपरमिंटच्या तेलातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियमची वाट अडवतं आणि स्नायू सैल पडतो. वारंवार पोट दुखणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, अशा 'आयबीएस' या त्रासावर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात पेपरमिंटचा पर्याय सुचवला आहे. पण हे संशोधन मुख्यतः तेलाच्या कॅप्सूलचं आहे, काढ्याचं नाही.

शिवाय बाजारात कोथिंबिरीशेजारी मिळणारी पुदिन्याची जुडी बहुतेक वेळा पेपरमिंट नसते. ती त्याची चुलतबहीण. तिच्यात मेंथॉल अगदी कमी आणि कार्व्होन हे वेगळं द्रव्य जास्त असतं. चटणीला उत्तम, पण पेपरमिंटचे गुण तिला सरसकट लावता येत नाहीत.

आणि ज्यांना आंबट पाणी वर येतं, त्यांनी पेपरमिंट टाळलेलंच बरं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही स्नायूचीच असते, ती सैल पडली की आम्ल आणखी वर चढतं.

गवती चहा आणि गुळाचा चहा

घोड नदीकाठी शिरूर, भीमेकाठी दौंड. दोन्ही तालुक्यांत विहिरीच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर गवती चहाचा एखादा ठोंब सापडतोच. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा. पावसाळ्यात सर्दीला, अंगदुखीला, पोटाला, सगळ्यालाच तो टाकतात. पोटासाठी त्याचा पुरावा मात्र यादीत सर्वांत पातळ आहे. चवीसाठी प्यावा. कोऱ्या पाण्यात केला तर दुधाच्या चहापेक्षा पोटाला हलका पडतो, हा फायदा तर नक्कीच आहे.

गुळाचं प्रकरण इथे घरचंच आहे. दौंड तालुका उसाचा, केडगावच्या परिसरात गुऱ्हाळं आहेत, आणि 'गुळाचा चहा' लिहिलेल्या पाट्या आता पुणे जिल्ह्यात जागोजागी दिसतात. गुळाने पचन सुधारतं असं म्हणून लोक तो निर्धास्त पितात. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं. पण त्याचा मोठा भाग साखरच आहे. मधुमेह असलेल्याने साखर सोडून गुळाचे चार कप घेतले तर रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. जाता जाता, पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला गंधकयुक्त रसायन वापरण्याचे प्रकार होतात, साधा गूळ तपकिरीच असतो.

काढा करताना काय चुकतं?

ओवा, बडीशेप, जिरं यांचं तेल दाण्याच्या आत बारीक नळ्यांत बंद असतं. अख्खे दाणे पाण्यात टाकले तर त्यातलं फार थोडं बाहेर येतं. म्हणून आधी खलबत्त्यात जाडसर कुटायचे. ही तेलं वाफेबरोबर उडतात, त्यामुळे उघड्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळ उकळलं की स्वयंपाकघरात छान वास सुटतो आणि कपात कडवट पाणी उरतं. गॅस बंद करून कुटलेले दाणे टाका, झाकण ठेवा, मग गाळा. आलं-सुंठ मात्र कठीण, ती पाच-सात मिनिटं मंद उकळली तर चालते.

काळं मीठ म्हणजे पादेलोण चिमूटभर घालतात, ते चवीला ठीक. रक्तदाब असेल तर तेवढंही नको.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. बरं वाटण्यात कोमट पाण्याचा आणि दहा मिनिटं शांत बसण्याचाही वाटा असतो. आयबीएसच्या औषध-चाचण्यांमध्ये नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकीही साधारण ३० ते ४० टक्के लोकांना आराम पडतो. त्रास साधा असेल तर आराम कशाने पडला याची फार चिकित्सा करायची गरज नसते. त्रास साधा नसेल तर मात्र असते.

'गॅस झालाय' म्हणत वेळ घालवू नये, ते प्रसंग

सर्वांत मोठा धोका हृदयाचा. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की दुखणं छातीऐवजी पोटाच्या वरच्या खळग्यात जाणवू शकतं. मळमळतं, ढेकर येतात, अस्वस्थ वाटतं. हुबेहूब अपचन. घरचे ओवा देतात, सोडा देतात, पाठ चोळतात आणि त्यात तास-दोन तास निघून जातात. हृदयाचा स्नायू वाचवायचे तास तेच असतात. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये अशी वेगळी लक्षणं जास्त दिसतात. पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं दुखतंय आणि सोबत घाम, दम, जबडा-खांदा-डाव्या हाताकडे जाणारी कळ किंवा अचानक गळून गेल्यासारखं वाटतंय, तर काढा उकळायला ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी होईल तिथे पोहोचा. ईसीजी साधा निघाला आणि शेवटी गॅसच ठरला, तरी काही बिघडत नाही.

बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, तर अपेंडिक्सची शंका घ्यायची. अशा वेळी पोट साफ करणारं औषध देणं घातक असतं.

अंगमेहनत करणाऱ्यांचा वेगळा प्रश्न आहे. ऊसतोडीच्या हंगामात किंवा कारखान्यातल्या कामानंतर अंग दुखतं म्हणून रोज वेदनाशामक गोळी, तीही उपाशीपोटी. या गोळ्या जठराचं अस्तर खातात. काळी, डांबरासारखी शी किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी म्हणजे आत रक्तस्राव होतोय. सुंठेचा त्यावर काही उपाय नाही.

वजन आपोआप घटणं, घास अडकणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हीसुद्धा तपासणीचीच कारणं. आणि पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, तर 'वायू' म्हणून सोडून देऊ नये. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशी असू शकते. घरातल्या बाईची पोटाची तक्रार ही बहुतेक वेळा सर्वांत शेवटी दवाखान्यात पोहोचते, म्हणून हे मुद्दाम.

जुलाब लागले तर?

काढा बाजूला, ओआरएस हातात. एक पाकीट, एक लिटर स्वच्छ पाणी, थोडं थोडं करून. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नका. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंक देतात, ते सरकारी दवाखान्यात मिळतं. शिरूरच्या पाबळ-केंदूरसारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. ते उकळून वापरणं हा पोटाचा कुठल्याही काढ्यापेक्षा मोठा उपाय आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात गियाँ बारे सिंड्रोमची साथ आली. संशयित रुग्ण दोनशेच्या आसपास गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. हा जिवाणू दूषित पाण्यातून किंवा कच्च्या मांसातून पोटात जातो, जुलाब होतात, आणि क्वचित एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. म्हणून जुलाब बरे झाल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या आल्या, जिना चढता येईना, हातातून वस्तू सुटू लागल्या, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

बाळाच्या पोटात दुखतं तेव्हा

बाळंतशोपा आईला देण्याची रीत आहे, तिला कुणाची हरकत नसावी. बाळाला मात्र पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नसतं. पाणी नाही, काढा नाही, ग्राइप वॉटरही नाही. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी काढलं तेव्हा त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर आणि चक्क मद्यार्क होता. बाळं शांत का होत होती, हे त्यावरून ओळखावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावण्याने सहसा अपाय होत नाही, पण तो पोटात द्यायचा नाही.

पाकिटातले 'डिटॉक्स टी'

ऑनलाइन मागवलेल्या पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथे सोनामुखी किंवा 'सेना' लिहिलं असेल तर ते सरळ रेचक आहे. पोट सपाट झाल्यासारखं वाटतं, कारण पाणी निघून जातं. आठवड्यापेक्षा जास्त घेतलं तर शरीरातले क्षार ढळतात. ज्येष्ठमध असेल तर रक्तदाब असलेल्यांनी ते ठेवून द्यावं. त्यातलं ग्लिसिरायझिन रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे आणखी महागात पडतं.

कोरोनाच्या काळात काढे पिण्याची लाटच आली होती. तेव्हा सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. या सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. हा वाद कुणाच्याही बाजूने गेला तरी रुग्णासाठी अर्थ एकच निघतो. बांधावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती, हे कळायला हवं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा त्याच क्षणी बंद करायचा आणि डॉक्टरांकडे जाताना त्या वेलीचा तुकडा किंवा पाकीट बरोबर न्यायचं. 'काही औषध चालू आहे का?' असं डॉक्टर विचारतात तेव्हा बहुतेक जण 'नाही' म्हणतात, कारण काढ्याला कुणी औषध धरत नाही. तो सांगायचाच, किती दिवस आणि दिवसातून किती कप, यासकट.